सतरा नंबरची बाटली

मार्गासनी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

मैथिलीताई,

नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. तिकडेही बरं असणारच, तुमच्याकडे एसी आहे.

तुमचा मेसेज मिळाला. 'बंडू, ऑगस्टपासून सतरा नंबर चालत नाहीये. तू इथे होतास तोवर चालायचा. काही वेगळं आठवतं का? अठ्ठावीसला माझं शेवटचं सेमिनार, मग प्रबंध द्यायचा.' संपलं. कसा आहेस, कुठं आहेस, काही नाही. लॅबमध्ये आठ महिने तुमच्या काचा धुतल्या, पण माणूस आठवतो तो प्रयोग बंद पडल्यावर. मोबाईलवर उत्तर लिहायला घेतलं, पण मोबाईलवर मी लिहितो आणि पुसतो. तीन दिवस तेच चाललं होतं. कागदावर जास्त पुसलं की भोक पडतं, म्हणून कागद घेतला.

सध्या मी सोमनाथच्या हॉटेलात आहे. सोमनाथ म्हणजे माझा मामेभाऊ, वेल्ह्याच्या रस्त्याला त्याची वडापावची टपरी आहे, तिला तो हॉटेल म्हणतो. शनिवार-रविवार पुण्याचे ट्रेकवाले येतात. बूट पाच हजारांचे आणि विचारतात काय, दादा गड कुठल्या बाजूला आहे. डोक्यावर अख्खा डोंगर उभा आहे आणि हे मोबाईलमध्ये शोधतात. तुमच्या लॅबची आठवण येते.

काल सोमनाथनं विचारलं, "तू पुन्यात करत काय होतास रं?"

म्हटलं, "एक ताई हैत, भोरच्याच. त्या पीएचडी करत्यात. त्यांच्या बाटल्या धूत होतो."

"आन त्या काय करत्यात?"

आता सांगायची पंचाईत. तरी सांगितलं. म्हटलं, पेशीला पडदा असतो. त्या पडद्याला आतल्या अंगानं एक बारकं प्रोटीन शेपटीनं चिकटून बसलेलं असतं. त्याच्या खिशात एक पुडी असते. पुडी शिळी असली की ते झोपलेलं, ताजी असली की जागं. जागं झालं की पेशीला हुकूम सोडतं, वाढ, हल, पसर.

"मग शिळी टाकून ताजी घ्यावी की त्यानं."

"सुटत न्हाई त्याच्यानं. तासन्‌तास धरून बसतं."

"आमच्या आप्पासारखं."

"म्हणून एक उघडणारा लागतो. तो येऊन शिळी पुडी ओढून काढतो. भायेर ताज्या पुड्यांचा ढीग असतोय, लगेच एक जाऊन बसती. मग दुसरा एक असतो बंद करणारा. तो ताजीची शिळी करून टाकतो. आन तिसरा एक असतो, तो ह्याची शेपूट गुंडाळतो आन पडद्यावरनं उचलूनच घेऊन जातो."

"आन ताई?"

"उघडणारा कोन ते शोधत्यात. येकेका प्रोटीनला नंबर देऊन तपासत्यात, सतरा नंबरचं उघडतं म्हनत्यात."

"किती वर्सं?"

"पाच."

सोमनाथच्या हातातला झारा तसाच राहिला. म्हणाला, "आरं, खाचरात मोरी कुनी उघडली, ते तुज्या रखमाजीकाकाला पाच मिन्टात कळतंय."

बरोबर बोलला. आमच्या हिर्डोशीला भाताच्या खाचरांचं पाणी वरच्या बांधाच्या मोरीतून खालच्याला जातं. मोरी कुणी उघडली हे शोधायला मशीन लागत नाही. ज्याच्या खाचरात पाणी चढलं त्याला शिव्या घालायच्या, विषय मिटतो. तुमचे उपेंद्र सर असते तर त्यांनी आधी अनुदान मागितलं असतं.

उपेंद्र सरांवर चार पानं लिहिता येतील, पण कागद सोमनाथचा आहे. एवढंच लिहितो की जो माणूस स्वतःचा चहाचा कप कधी विसळत नाही, त्यानं पेशीत कोण कुणाला बंद करतं यावर भाषणं देऊ नयेत.

काय सांगत होतो? हां, सोमनाथचं पातेलं. इथलं बोअरचं पाणी जड आहे. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून बोटभर पांढरं पुट चढलं होतं. चिंच झाली, वीट झाली, सोमनाथच्या बायकोच्या नखांची वाट लागली, पण निघेना. चार दिवसांपूर्वी मी ते एका दुपारीत लख्ख केलं. सोमनाथ म्हणतो, "काय टाकलंस? आजून आन." कसं केलं ते मोठं आहे, पुन्हा कधी.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर वेगळं असं काही आठवत नाही. मी काचा धुवायचो. काचा धुणाऱ्याला काय आठवणार.

सेमिनारला शुभेच्छा.

बंडू


भोर, एसटी स्टँड
रविवार, १६ नोव्हेंबर

मैथिलीताई,

हे गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. शेजारी एक म्हातारा बसलाय, तो दर दोन ओळींनी विचारतो, महाडची गेली का. मी दर वेळी गेली म्हणतो. तो पुन्हा बसतो.

तुमचं उत्तर आलं. 'पत्र वाचून हसले. पण तुला आठवत नाही हे खोटं आहे, तुला सगळं आठवतं. सर म्हणतात शेफालीचा हात खराब आहे. तिच्यामुळे प्रयोग बिघडतोय, महिनाअखेर तिला काढणार. मलाही आता तसंच वाटायला लागलंय.'

शेफाली म्हणजे ती बारकी पोरगी, येऊन वर्षही झालं नाही, दुपारी डबा खाताना हातमोजे काढायला विसरते ती. तिचा हात खराब? ती एक थेंब सोडताना श्वास धरते. तुमच्या लॅबमध्ये हातानं काम करणारी तेवढी एकच आहे, बाकीचे तोंडानं करतात.

तुम्ही ह्या रविवारी घरी येणार असं म्हणाला होता, म्हणून मी मार्गासनीहून दोन गाड्या बदलून भोरला आलो. समोरासमोर बोलावं म्हटलं. तुम्ही आला नाहीत. नलूकाकूंनी दार उघडलं. तुमच्या आई मला अजून लॅबमधला समजतात, मीही काही बोललो नाही. चहा दिला. म्हणाल्या, "मैथिली नाही आली रे, सेमिनारच्या तयारीत आहे. तू तरी जपून काम करत जा तिथे. पाच वर्षं झाली, डोळ्याखाली काळं आलंय पोरीच्या." मग म्हणाल्या, "ते सतरा नंबर काय आहे, ते तिनेच शोधलं ना?"

मी म्हटलं, "हो काकू."

"नवीन आहे म्हणे. जगात कुणाला माहीत नव्हतं."

मी म्हटलं, "हो काकू."

दोन वेळा हो म्हटलं आणि चहा अर्धाच ठेवून उठलो. काकूंनी स्टीलच्या डब्यात रव्याचे लाडू भरून दिले. डबा आता माझ्या पिशवीत आहे आणि पिशवीत आणखी एक वस्तू आहे, तिच्याबद्दल लिहितो.

तुमची बाटली. पाचशे मिलीची, निळ्या झाकणाची, तिच्यावर तुमच्या अक्षरात 'मैथिली, सतरा नंबर पातळ करण्यासाठी. हात लावू नये'. ती ऑगस्टपासून माझ्याकडे आहे.

मी चोरली. आता दचकू नका. उपेंद्र सरांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर मला फुटलेल्या चंबूवरून झापलं, "शिकला असतास तर कळलं असतं काच काय असते," तुम्हाला आठवत असेल. तुम्ही खाली बघत होता. चंबू मी फोडला नव्हता, सरांच्याच कोपरानं पडला होता, तेही तुम्ही पाहिलं होतं. पगार न घेता निघालो. जाताना वाटलं, हिची कुठली तरी वस्तू न्यावी जी तिला रोज लागते. लॅपटॉप नेला असता तर पोलीस आले असते. खारं पाणी नेलं तर कोण येतंय.

आणि ते खारं पाणीच होतं, तुम्हीच म्हणायचात ना. तेवढ्यानं कुणाचा शोध बंद पडत असेल तर तो शोध कसला. नवीन पाणी बनवा की. बनवलंच असणार. त्यानंही चालत नाही तर मी काय करू.

म्हातारा म्हणतो, महाडची गेली का.

हे पत्र आता इथंच पेटीत टाकतो आणि हिर्डोशीच्या गाडीत बसतो. आई म्हणते भात झोडायला माणूस नाही.

बंडू


हिर्डोशी
शनिवार, २२ नोव्हेंबर

ताई,

ह्या वेळी नमस्कार वगैरे शेवटी.

तुम्ही मागच्या पत्राला उत्तर दिलं नाहीत. रेंज नाही म्हणून आलं नसेल असं मी स्वतःला सांगत होतो. काल मुद्दाम धरणाच्या वरच्या टेपाडावर चढून मोबाईल उंच धरला. रेंज आली. मेसेज नाही.

आता ऐका. काल इथं एक गोष्ट झाली. भात कापून झालं, खाचरं मोकळी झाली, तसे रखमाजीकाका बांधावरून फिरायला गेले. श्रावणापासून काकांच्या वरच्या खाचरात पाणी ठरत नव्हतं. खालचं खाचर हनुमंतकाकांचं. काकांनी नेहमीच्या पद्धतीनं पाच मिनिटांत शोध लावला होता, मोरी हनुमंत उघडतो. चार महिने ह्यांनी त्यांना शिव्या घातल्या. गणपतीत एकमेकांच्या घरी गेले नाहीत. काल काकांना मोरीपासून दोन हातांवर, गवताखाली, मूठ जाईल एवढं भोक सापडलं. खेकड्याचं.

काका तसेच चिखलाच्या पायांनी हनुमंतकाकांच्या खळ्यावर गेले. तिथं दहा-बारा माणसं झोडणीला होती. ह्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "हनुमंता, मोरी तू उघडलीच न्हवतीस. खेकडा हुता. म्या चार म्हैने तुला उगा शिव्या घातल्या."

हनुमंतकाका पेंढी झोडत राहिले. मग म्हणाले, "मंग आता मागं घे."

"मागं कशा घेऊ? खर्च झाल्या."

"आन खेकडा कुठाय?"

"खाल्ला."

सगळे हसले. हनुमंतकाकाही हसले. काका मात्र हसले नाहीत, खाली बसून पेंढ्या उचलायला लागले, संध्याकाळपर्यंत परक्याच्या खळ्यावर राबले. चौथी शिकलेला माणूस. तुमचे उपेंद्र सर राबतील का हो असे कधी, शेफालीच्या टेबलावर?

सर राहू द्यात. ताई, तुमच्या बांधातला खेकडा मी आहे.

एप्रिलमध्ये तुम्ही तीन दिवस भोरला गेला होता. तुमची ती निळ्या झाकणाची बाटली धुवायच्या टेबलावर आली होती, तळाला दोन बोटं पाणी उरलेलं. मला वाटलं, भरून ठेवायला दिलीय. आमच्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. वाटीभर कालवण आलं तर वाटीतून काहीतरी जातं, निदान मूठभर मीठ तरी. तुम्ही तुमच्या डब्यातली पोळी मला द्यायचात, मी तो डबा करवंदं नाहीतर आवळे घालून परत द्यायचो. तुम्ही हसायचात, पण खायचात. तर ती बाटली रिकामी मांडायला हात होईना. तुमच्या खाऱ्या पाण्याचा, म्हणजे बफरचा, कॅन संपलेला होता. शेजारी दुसरी मोठी बाटली होती, तसंच स्वच्छ पाणी. त्यावर ईडीटीए लिहिलेलं होतं. मी वाचलं. मला वाचता येतं. पण सगळं खारं पाणीच हे तुमचं वाक्य माझ्या डोक्यात होतं, आणि तुमच्या लॅबमधल्या कुठल्याच गोष्टीची मला किंमत नव्हती. गळ्यापर्यंत भरली आणि जागेवर ठेवली.

तुम्ही आल्यावर ती सतरा नंबर पातळ करायला थेंब-थेंब वापरत राहिलात. त्याच आठवड्यात रेघ खाली आली. आठवतं ना, शिळ्या पुडीला तुम्ही चमकणारा रंग लावला होता, पुडी सुटली की चमक जाते आणि मशीनच्या पडद्यावरची रेघ खाली येते. तुम्ही ओरडलात. पेढे आणलेत. पहिला पेढा मला दिलात. "बंडू, तुझा पायगुण," म्हणालात.

आता पुढचं मला कुणी सांगितलं नाही, तुम्हीच मे महिन्यात गच्चीवर बसून शिकवलं होतं, मीच लक्ष देत नाही असं दाखवत होतो. पुडी खिशात टिकते ती मॅग्नेशियमच्या टाचणीवर. आणि ईडीटीए म्हणजे असले धातू पकडून गिळून टाकणारं. टाचणी गेली की पुडी आपोआप गळते. उघडणारा लागतच नाही.

हे मला ऑगस्टमध्ये कळलं नव्हतं, शपथेवर सांगतो. कळलं ते सोमनाथच्या पातेल्यात. तुमचा मेसेज यायच्या आदल्या दिवशी मला पिण्याच्या पाण्याला बाटली हवी होती, म्हणून आतलं उरलेलं, चांगलं अर्ध्यावर होतं, ते पातेल्यात ओतलं आणि मंद आचेवर ठेवून दिलं. म्हटलं, ताईंची पाच वर्षं, निदान एक भांडं तरी निघेल. दुपारी बघतो तर सगळं पुट सुटून पाण्यात. नुसत्या खाऱ्या पाण्यानं पुट निघत नाही, ताई. पुट म्हणजे धातूच. ते गिळणारं होतं आत. मी पातेलं तिथंच ठेवलं आणि रस्त्यावर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी तुमचा मेसेज.

म्हणजे पहिलं पत्र लिहिताना मला सगळं माहीत होतं. दुसरं लिहितानाही. नलूकाकूंना हो म्हणतानाही.

तुम्हालाही एक बोलणार आहे, त्याशिवाय हे पत्र माझं वाटणार नाही. सतरा नंबर न घालता नुसतं पाणी घालून रेघ खाली येते का, हे तुम्ही बघायचात. रेघ यायची नाही. पण ते पाणी तुम्ही शेफालीच्या कॅनमधलं घ्यायचात, जवळ असायचा म्हणून. ह्याच बाटलीतलं दोन थेंब नुसतं घालून बघितलं असतं तर पेढ्यांच्या आधीच खेकडा सापडला असता. पाच वर्षं शिकून एवढं सुचू नये? सुचलं असतं तर मला आज हे लिहावं लागलं नसतं, असं मी चार दिवस स्वतःला सांगत होतो. त्याचा उपयोग होत नाही. बाटली मी भरली.

तर आता असं करा. सतरा नंबर बाजूला ठेवा. झोपलेलं प्रोटीन घ्या, त्यात नुसतं ईडीटीए टाका. रेघ एप्रिलसारखीच पडेल. नाही पडली तर मी खोटा आणि मला त्यासारखा आनंद नाही. पण पडेल. म्हणजे सतरा नंबर काही उघडत नाही. कदाचित बंद करत असेल, कदाचित शेपूट गुंडाळून पळवून नेत असेल, कदाचित नुसता उभा राहून बघत असेल. माझ्यासारखा.

हे अठ्ठावीसच्या आधी करा. आणि शेफालीला त्याच दुपारी सांगा, सगळ्यांसमोर, खळ्यावर सांगतात तसं. सेमिनार झाल्यावर बाजूला घेऊन नाही. चंबूच्या वेळी तुम्ही खाली बघत होता. ह्या वेळी बघू नका. हे पत्र सरांना दाखवा, म्हणून खाली पूर्ण नाव लिहितोय. ते म्हणतील, बघा, अशिक्षित माणूस ठेवला की असं होतं. म्हणू द्या, ह्या वेळी ते बरोबर आहेत, आयुष्यात एकदा माणूस बरोबर असू शकतो.

उघडणारा सापडला म्हणून तुम्ही पेढे वाटलेत. बंद करणाऱ्याला कुणी पेढा देत नाही, मला ठाऊक आहे. तरी हे कुणीतरी बंद करायला हवं होतं. स्वतःहून ते बंद व्हायला फार वेळ लागला असता आणि तोवर तुमच्या सतरा नंबरवर दुसऱ्या कुणी तरी पाच वर्षं घातली असती.

हनुमंतकाका उद्या पहाटे टेम्पोत तांदूळ घेऊन पुण्याला निघतायत. पत्र त्यांच्याबरोबर देतोय, गेटवर तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय. बरोबर दोन वस्तू आहेत. काकूंच्या डब्यात आईनं नवा इंद्रायणी भरलाय, तो भोरला पोचवा. दुसरी तुमची बाटली. वरचं तुमचं अक्षर मी पुसलेलं नाही.

आई बाटलीसाठी भांडतेय. "आरं, मध घालते थोडा. रिकामी न्हाई द्यायची बाळा, लोक काय म्हनतील मला, फुलाबाईला." मी दोनदा तिच्या हातून घेतली. तिला वाटतंय मी तुमच्यावर रुसलोय.

तीनदा राखेनं आणि गरम पाण्यानं धुतलीय, उपडी ठेवून वाळवलीय. आत थेंबही नाही. बघून घ्या.

नमस्कार.

बंडू सावळाराम मळेकर
तुमच्याकडे काचा धूत होता तो